सोनेरी मगर आणि नेमतमावशीचं आजारपण

आमच्या घरात सुट्टीवर जायचं म्हणजे चोरीला निघाल्यासारखं निघावं लागतं. आधी कट शिजवायचा, कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि सकाळी सकाळी सामान उचलून पसार व्हायचं. ही पद्धत माझी नाही. मी कैरोच्या पाणी खात्यात मीटर तपासणारा सरळमार्गी माणूस आहे. मीटर जे दाखवतो तेच मी लिहितो. पद्धत माझ्या बायकोची, इनासची. तिचं म्हणणं असं की दिवा झाकून ठेवला तरच तेवत राहतो. चांगली गोष्ट चार लोकांना कळली की तिला नजर लागलीच म्हणून समजा.

आणि तिच्याकडे पुरावे आहेत, हीच तर पंचाईत. गेल्या वर्षी मी जिन्यात सहज बोलून गेलो, "चार दिवस अलेक्झांड्रियाला चाललोय." बस्स. दोन दिवसांत गाडीचा गिअरबॉक्स गेला, धाकट्या ताहाला कांजिण्या आल्या, आणि गच्चीवरची टाकी फुटून समुद्र आपणहून आमच्या बेडरूममध्ये आला. चौथ्या मजल्यावरच्या मादाम सौसन एकदा आमच्या वॉशिंग मशीनकडे बघून "किती शांत चालतं हो तुमचं!" म्हणाल्या, तेव्हापासून ते यंत्र ओरडल्याशिवाय कपडे पिळत नाही.

त्यामुळे यंदा ऐन सोखना या समुद्रकाठच्या गावातल्या 'सोनेरी मगर' या हॉटेलात दोन रात्रींचं आरक्षण केलं, तेव्हा इनासने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "कोणी विचारलं तर नेमतमावशी आजारी आहे. आपण मनसूराला तिला बघायला चाललोय."

नेमतमावशी म्हणजे इनासची सख्खी मावशी. आई लवकर गेल्यावर इनासला हिनेच लहानाचं मोठं केलं, म्हणून मुलं हिला आजीच म्हणतात. मनसूराला एकटी राहते, वय अठ्ठ्याहत्तर, डावा कान बंद, बाकी सगळं चालू.

"अगं पण ती ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर तिचं नाव घेतलं. खरंच आजारी माणसाचं घेतलं असतं तर पाप लागलं असतं."

या तर्कापुढे मी मान डोलावली. लग्नाला दहा वर्षं झाली आहेत. मुलांनाही हेच सांगायचं ठरलं, कारण सहा वर्षांच्या लुजैनच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ताहा चार वर्षांचा असला तरी आवाज मात्र मोठा आहे. हॉटेलात पोहोचलो की एकदम गंमत करू, असं आम्ही ठरवलं.

खोटं बोलायचं तर दोघांनी आधी बसून बोलावं, एवढा धडा मी आज कोणालाही फुकट देईन. मी पहिल्या मजल्यावर मावशीची किडनी बिघडल्याचं सांगितलं. त्याच वेळी इनासने चौथ्या मजल्यावर हृदय सांगितलं. संध्याकाळपर्यंत इमारतीने दोन्हींची बेरीज केली आणि मावशी आता थोड्याच दिवसांची सोबती आहे, असा निकाल जिन्यातून फिरला.

मग सल्ले सुरू झाले. कोणी जवाचं पाणी सांगितलं, कोणी किडनीचा डॉक्टर दिला, कोणी त्या डॉक्टरने मारलेल्या माणसाचं नाव दिलं. इमारतीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष मुतवल्लीसाहेब, म्हणजे या मादाम सौसनचेच यजमान, स्वतः खाली आले. या गृहस्थांनी इमारतीच्या तळघरात चाळीस खुर्च्या ठेवल्या आहेत. लग्न असो, मयत असो, ते अर्ध्या तासात खुर्च्या मांडून देतात, आणि बरेच दिवस काही घडलं नाही की बेचैन होतात.

"रऊफसाहेब," त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, "काही लागलं तर संकोच करू नका. काहीही." त्यांची नजर तळघराच्या दाराकडे गेली, तेव्हा मी माझा हात सोडवून घेतला.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. पोहण्याच्या टायरी ब्लँकेटमध्ये गुंडाळल्या होत्या, टोप्या आणि उन्हाचं क्रीम औषधांच्या पिशवीत. गाडी सुरू करणार इतक्यात मादाम सौसन धावत आल्या. हातात पातेलं.

"कबुतरं आहेत. भात भरून उकडली आहेत. आजारी माणसाला कबुतराच्या सूपासारखं काही नाही. रात्रभर जागून केलीत हो!" आणि त्यांचे डोळे भरून आले.

इनासने माझ्याकडे पाहिलं, मी स्टिअरिंगकडे पाहिलं. पातेलं लुजैनने मांडीवर घेतलं. "आजीसाठी आहे ना? मी धरते," ती म्हणाली, आणि दोन तास तिने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. वाटेत तिला कळायला हवं होतं की रस्ता मनसूराचा नाही. पण सहा वर्षांच्या मुलीला उत्तर काय आणि पूर्व काय.

सोनेरी मगर हे हॉटेल फॅरोंच्या थाटाचं आहे. दारात प्लॅस्टरचे दोन पुतळे, मध्ये एक पिरॅमिड, त्यातून घसरगुंडी निघून थेट पाण्यात. खरे पिरॅमिड आमच्या घरापासून पाऊण तासावर आहेत आणि माझ्या मुलांनी ते अजून पाहिलेले नाहीत, ही गोष्ट मला दारातच टोचली. पण खऱ्या पिरॅमिडला घसरगुंडी नाही, हेही खरं.

"आलो आपण! गंमत!" इनास हात पसरून ओरडली.

ताहाने मगरीचा पोशाख घातलेला माणूस पाहिला आणि तो त्याच्या शेपटीवर जाऊन बसला. लुजैन गाडीतून उतरली नाही. "आजी इथे आहे?" तिने विचारलं.

दारावरच्या पहारेकऱ्याने पिशव्या तपासल्या आणि पातेल्याचं झाकण उचललं. बारा पाय वर करून सहा कबुतरं त्याच्याकडे बघत होती.

"बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, साहेब."

"ते खाणं नाहीये," लुजैन म्हणाली, "ते औषध आहे. माझी आजी मरतेय."

पहारेकरी चपापला. त्याने डोक्यावरची टोपी काढली, "अल्ला तिला बरं करो" म्हणाला आणि आम्हाला कबुतरांसकट आत सोडलं. माझ्या आयुष्यात नियम वाकवून मिळालेला हा पहिला प्रवेश, आणि तो असा.

खोली सुंदर होती. फक्त मुलांचे पलंग ममीच्या पेटीच्या आकाराचे होते. सोनेरी, रंगवलेले, उशाशी डोळे मिटलेला चेहरा. कोणा हुशार माणसाला वाटलं असणार की मुलांना मजा येईल. लुजैन दारात उभी राहिली, पेटीकडे पाहिलं, पातेलं खाली ठेवलं आणि तिने असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतले लोक बाहेर आले.

"आजीला यात ठेवणार! म्हणून आणलंय आपल्याला! आजी एकटी आहे आणि तुम्ही पोहायला आलात!"

आम्ही तिला सगळं सांगितलं. मावशी बरी आहे, ती फक्त गंमत होती. तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मग मादाम सौसन का रडत होत्या?"

इनासने घाईघाईने पोहण्याचा पोशाख बाहेर काढला. लुजैनने पायातले मोजे काढायलाही नकार दिला. चौदा घसरगुंड्या, एक वाहती नदी, लाटांचा तलाव, आणि माझी मुलगी बूट-मोजे घालून पातेलं मांडीवर घेऊन कडेला बसली. आजी दिसेपर्यंत पाण्यात पाय घालणार नाही म्हणाली. ती हट्टी आहे. हा गुण कोणाकडून आला यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

शेवटी मी मावशीला फोन लावला. म्हटलं, तिनेच सांगावं की मी बरी आहे, आणि प्रश्न मिटावा.

"मावशी, लुजैनशी जरा बोला."

लुजैनने फोन घेतला आणि एका दमात म्हणाली, "आजी, मरू नकोस, बाबा म्हणाले तुझी किडनी गेली आणि आई म्हणाली हृदय गेलं, सगळी बिल्डिंग रडतेय आणि आम्ही मगरीच्या हॉटेलात आहोत."

 मग मावशीचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला. "रऊफला दे."

मी फोन कानाला लावला.

"काय जावईबापू, मी आजारी आहे होय? मला कोणी कळवलंच नाही!"

"मावशी, म्हणजे त्याचं असं झालं..."

"चांगल्या बाईला आजारी म्हणायचं म्हणजे आजाराला पत्ता द्यायचा. हे तुला आईने शिकवलं नाही? दोन वर्षं झाली, माझ्या दारात पाऊल नाही तुमचं, आणि माझ्या किडनीवर सहली काढता?"

"मावशी, चुकलं."

"चुकलं तर निस्तर. मी आजारी आहे ना? मग माझी सेवा कर. उद्या सकाळी दहा वाजता गाडी घेऊन दारात ये. मगरीच्या हॉटेलात नेऊन माझी सेवा कर." आणि तिने फोन ठेवला.

मी फोन हातात धरून विचार करत होतो की हे इनासला कोणत्या शब्दांत सांगावं, तेवढ्यात मगरीच्या पोशाखातल्या माणसाने मला मागून मिठी मारली. फोटोसाठी. फोन वाहत्या नदीत पडला आणि टायरीवर बसलेल्या एका लठ्ठ गृहस्थाच्या मागोमाग गेला. इनासचा फोन तिने सकाळीच बंद करून ठेवला होता, कारण शेजाऱ्यांनी फोन केला आणि मागे गाणी वाजत असली तर काय, ही तिची भीती. म्हणजे आता जगाला आमचा पत्ता नव्हता. तेव्हा मला ते बरंच वाटलं.

शुक्रवारी उजाडताच मी निघालो. साडेतीन तास गाडी चालवून मनसूरा गाठलं. मावशी नवी ओढणी बांधून तयार होती. गुडघे धरलेले असल्यामुळे तिला हाताला धरून जिना उतरवला, मागच्या सीटवर आडवं केलं, वर पांघरूण घातलं. खालच्या इस्त्रीवाल्याने दुकानातून, थोरामोठ्या बाईला मारतात तशी मानाची हाक मारली, "हज्जा, कशा आहात?" पण तो डाव्या बाजूला होता. तिने उत्तर दिलं नाही. आम्ही निघालो. या साध्या घटनेचं पुढे काय झालं ते सांगतोच.

हॉटेलच्या काउंटरवर एक टापटीप तरुणी होती. "सर, तुमच्या पॅकेजमध्ये दोन मोठे, दोन लहान. या तिसऱ्या मोठ्या."

"जास्तीचे काय ते घ्या, पण एक पट्टा द्या." हॉटेलात सगळं त्या मनगटावरच्या कागदी पट्ट्यावर चालतं, पट्टा नसेल तर तुम्हाला पाणीही मिळत नाही.

"एका खोलीत राहायचं तर नातं सिद्ध करावं लागेल, सर. कागदपत्र?"

"बायकोची मावशी आहे. बायकोच्या मावशीचा कागद कोण काढतं?"

"मग व्यवस्थापकांना विचारावं लागेल, आणि ते नमाजला गेलेत."

हा संवाद मावशी उजव्या कानाने ऐकत होती. ती शांतपणे हॉलमधल्या सोफ्याकडे गेली, आडवी झाली आणि कण्हायला लागली. "किडनी... हृदय..." येणारे-जाणारे थांबले. एका बाईने पंखा धरला, दुसरीने पाणी आणलं. चार मिनिटांत पट्टा आला, चाकाची खुर्ची आली आणि फळांची टोपलीही आली. अकरा वर्षं पाणी खात्यात अर्ज लिहूनही मला अजून टेबलाला चौथा पाय मिळालेला नाही. कामं कशी होतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

लुजैन धावत आली. आजीला तिने आधी नीट तपासलं, पोटाला हात लावून पाहिलं, छातीला कान लावला. "चालू आहे," ती म्हणाली, आणि तिथेच हॉलमध्ये मोजे काढले. मग रात्रभर खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवलेलं पातेलं आणून तिने आजीच्या मांडीवर ठेवलं. मावशीने एक कबुतर उचललं, खाल्लं, बोटं चाटली. "कोणी केलं?"

"चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी," इनास खाली बघत म्हणाली.

"मला न बघता?" मावशीने दुसरं उचललं. "हात चांगला आहे तिचा."

तलावाच्या कडेला मावशीने पाय पाण्यात सोडले तेव्हा शिट्टी वाजली. राखणदार आला. "हज्जा, असा पायघोळ गलाबिया घालून पाण्यात उतरलेलं चालत नाही. पोहण्याचा पोशाखच लागतो, नायलॉनचा."

"मी कुठे उतरलेय? पाय उतरलेत," मावशी म्हणाली. "पायांना नायलॉन घालू?"

तो नियमावली आणायला गेला. तोवर मावशीने इकडेतिकडे पाहिलं. "रऊफ, समुद्र कुठाय?"

मला माहीत नव्हतं. खरंच. दोन दिवस समुद्रकाठच्या हॉटेलात होतो आणि कोणी समुद्राचं नावही घेतलं नव्हतं. काउंटरवरची तरुणीही गोंधळली. "समुद्र पॅकेजमध्ये आहे, सर," ती नकाशा बघत म्हणाली, "पण कोणी विचारत नाही. धोबीघराच्या मागे असेल."

होता. धोबीघराच्या मागे, रिकाम्या वाळूपलीकडे, निळाशार, माणसाविना पडलेला. आम्ही चाकाची खुर्ची वाळूतून ओढत नेली, चाकं रुतली, मग मावशीला मी आणि इनासने दोन्ही बाजूंनी धरून पाण्यापर्यंत नेलं. ती गलाबियासकट बसली. शिट्टी वाजवायला तिथे कोणी नव्हतं. लाट तिच्या कमरेपर्यंत आली आणि मावशी लहान मुलीसारखी किंचाळली. लुजैन तिच्या एका बाजूला बसली, ताहा दुसऱ्या.

"अकरा वर्षांनी बघतेय," मावशी म्हणाली. "ही इनास लुजैनएवढी होती तेव्हा दर उन्हाळ्यात रास अल-बरच्या समुद्रावर न्यायचे मी हिला. बसमधून. हिला पाण्याची भीती. माझी बोटं सोडायची नाही."

 इनास मावशीच्या मागे जाऊन बसली आणि तिची ओली ओढणी सारखी करत राहिली, बराच वेळ. मला लाज वाटली. हे मी विनोदाने सांगत नाही. लोकांची नजर लागू नये म्हणून आम्ही मावशीच्या नावाचा आडोसा केला होता, आणि त्या आडोशामागे ती एकटी बसली होती, हे दोन वर्षांत एकदाही आमच्या मनात आलं नव्हतं.

रात्री मावशी ममीच्या पेटीत झोपली. "ऐसपैस आहे," म्हणाली, "आत्तापासून सवय झालेली बरी."

शनिवारी दुपारी आम्ही परतलो. ठरलं असं की मावशी महिनाभर आमच्याकडे राहील आणि इमारतीत सांगायचं, आजारपणानंतर विश्रांतीला आणली. गोष्ट बसत होती. फक्त हॉटेलातून निघताना ताहाने हट्ट करून घेतलेली दीड मीटरची फुगवलेली मगर गाडीच्या टपावर बांधलेली होती, आणि तिची हवा काढायचं झाकण आम्हाला सापडत नव्हतं. मीटरांच्या झाकणांत आयुष्य गेलेल्या माणसाला मगरीचं झाकण सापडू नये, यापेक्षा मोठी नामुष्की नाही.

गल्लीच्या तोंडाशीच मला कुराणपठण ऐकू आलं. मग खुर्च्या दिसल्या. प्रवेशदारात, दोन्ही बाजूंनी, चाळीसच्या चाळीस. लोक काळे कपडे घालून बसले होते. मुतवल्लीसाहेब मयतीला देतात ती बिनसाखरेची कॉफी वाटत होते.

"कोणी गेलं वाटतं," मी म्हणालो.

"कोण गं बाई?" इनास घाबरून म्हणाली.

गाडी थांबली. मादाम सौसननी काळ्या कपड्यांत धावत येऊन इनासला गाडीतूनच मिठी मारली आणि हुंदके द्यायला लागल्या. मुतवल्लीसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आम्ही काल नमाजनंतर मनसूराला गेलो होतो, मावशींना बघायला. बारा जण, मिनीबस करून, पत्ता विचारत विचारत. दाराला कुलूप. खालचा इस्त्रीवाला म्हणाला, सकाळी जावयाने आडवं टाकून, पांघरूण घालून नेलं. हाक मारली तर ओ दिली नाही. मग तुमचे दोघांचेही फोन बंद. आम्ही काय ते समजलो. अल्ला तुम्हाला धीर देवो, रऊफसाहेब." एवढं बोलून त्यांची नजर टपावरच्या मगरीवर गेली आणि तिथेच राहिली.

त्याच क्षणी मागचं दार उघडलं आणि नेमतमावशी उतरली. नाक उन्हाने लाल, हातात रिकामं पातेलं. पठण कोणीतरी बंद केलं. मावशी सावकाश चालत आली, पहिल्या खुर्चीवर बसली, समोर आलेला कप घेतला, घोट घेतला.

"साखर नाही यात," ती म्हणाली. "कोण गेलं?"

  उत्तर दिलं ते लुजैनने. "कोणीच नाही गेलं. आपण मगरीकडे गेलो होतो!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर सांभाळलेली इज्जत प्रवेशदारात उघडी पडली होती आणि तिच्यावर पांघरूण घालायला माझ्याकडे एकही आजार शिल्लक नव्हता.

"डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली होती," मावशी कपात बघत म्हणाली. "बिचारा जावई दिवसभर गाडी चालवून मला घेऊन गेला."

मुतवल्लीसाहेबांनी वर बोट केलं. "आणि ही मगर?"

"तीही डॉक्टरांनीच सांगितली."

मग तिने कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही मनसूरापर्यंत आलात? बारा जण? माझी ओळख ना पाळख?"

"आजारी माणसाला बघायला जाणं कर्तव्यच आहे, हज्जा," मुतवल्लीसाहेब ओशाळून म्हणाले. "फळं आणली होती, ती इस्त्रीवाल्याकडे ठेवली. आम्हाला वाटलं, एकट्या आहात."

 मादाम सौसन डोळे पुसत पुढे आल्या, पातेलं हातात घेतलं, आत बघितलं, आणि रडता रडता हसायला लागल्या. मग मावशीचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "अगंबाई! किती टवटवीत दिसताय हो! कोण म्हणेल अठ्ठ्याहत्तर?"

इनास दचकली. वॉशिंग मशीनची सगळी कहाणी तिच्या चेहऱ्यावर आली. तिने चटकन मावशीचा दंड धरून तिला मागे ओढायला पाहिलं. पण मावशी हलली नाही. उलट तिने आपली हनुवटी वर केली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"बघ, बाई, बघ," ती मादाम सौसनना म्हणाली. "चांगली डोळे भरून बघ. दोन वर्षांत कोणी बघायला आलं नव्हतं."

इनासने दंड सोडला. मुतवल्लीसाहेबांनी गुपचूप साखरेचा डबा मागवला. मी मगरीचं झाकण शोधायला बाहेर गेलो.